लाकूड: दागिना की खांब?

मंडळी, तुमची गाडी बघून मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हिला सुतार लागेल," तर काय कराल? बहुतेक दुसरा मेकॅनिक शोधाल! पण इंग्लंडमध्ये ज्यांच्याकडे जुनी मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे, त्यांना या वाक्याचं अजिबात नवल वाटत नाही. जुन्या गाड्यांबद्दल वाचायचा नाद मला आहेच, आणि त्यातही गाडीच्या बाहेरच्या अंगाला दिसणारं लाकूड हा माझा खास आवडीचा विषय. नवीन लाकूड विकत घेऊन बसवायचं म्हणजे गाडीचा इतिहास माहीत असावाच लागतो. कसा, ते सांगतो.

सुरुवातीला मोटारींच्या बॉडी बनवणारे लोक घोडागाड्याच बनवणारे. त्यामुळे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर पत्रा ही त्यांची नेहमीची पद्धत. पुढे पोलादी पत्रा दाबून अख्खी बॉडी काढणारी अवजड प्रेस मशिनं आली आणि सुताराचं काम कमी होत गेलं. पण त्या मशिनांचे साचे प्रचंड महाग. हजारो गाड्या खपणार असतील तरच परवडणारे. मग थोड्या संख्येने लागणाऱ्या स्टेशन वॅगन लाकडाच्याच राहिल्या. रेल्वे स्टेशनवरून माणसं आणि सामान हॉटेलपर्यंत पोचवायची गाडी, म्हणून हे नाव. थोडक्यात, आज लाखमोलाचं वाटणारं हे लाकूड मुळात हमाली करणाऱ्या गाडीचं होतं.

हेन्री फोर्डने तर १९२० च्या दशकात मिशिगनच्या उत्तर भागात जंगलंच विकत घेतली आणि आयर्न माउंटन इथे लाकडाचा कारखाना काढला. फोर्डच्या वॅगनचं लाकूड तिथलं. उरलेल्या तुकड्यांचा आणि भुशाचा कोळसा करून तोही विकला. (काटकसर म्हणतात ती ही!) पण लाकडी बॉडीला सतत व्हार्निश हवं, सांधे ढिले होणार, पाणी मुरणार. १९५२ ची फोर्ड कंट्री स्क्वायर आली तेव्हा तिची बॉडी पूर्ण पोलादी होती आणि बाजूंवर लाकडासारखी दिसणारी फिल्म चिकटवलेली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर सागवान जाऊन सनमायका आला. १९५३ ची ब्यूक एस्टेट ही अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादनातली शेवटची खरी लाकडी वॅगन.

गंमत म्हणजे त्याच १९५३ साली इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर ट्रॅव्हलर सुरू झाली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. पुढची अर्धी गाडी नेहमीची पोलादी. मागे अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाची चौकट, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, वर अ‍ॅल्युमिनियमचं छत आणि पाठीमागे कपाटासारखी दोन दारं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, शोभेसाठी पट्ट्या ठोकल्या आहेत. तसं नाही. छत, खिडक्या, दारं, सगळा भार त्या चौकटीवर आहे.

आता हिची धाकटी बहीण बघा. मायनर (१९४८) आणि मिनी (१९५९) दोन्ही अ‍ॅलेक इसिगोनिसच्या डोक्यातून निघालेल्या. मिनीचीही १९६० मध्ये ट्रॅव्हलर आली, तशीच लाकडी पट्ट्यांची. पण ते लाकूड तयार पोलादी बॉडीवर नुसतं चिकटवलेलं! माझ्या धंद्यातल्या भाषेत, मिनीचं लाकूड म्हणजे स्किन. मायनरचं लाकूड म्हणजे कर्नल. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.

खरेदीचा प्रश्न इथेच सुरू होतो. मिनीसाठी पट्ट्यांचा संच घ्यायचा, जुन्या काढायच्या, खालचा गंज साफ करून रंग द्यायचा आणि नव्या चिकटवायच्या. चुकलं तर वाईट दिसेल, एवढंच. मायनरच्या बाबतीत चुकलं तर गाडीची ताकदच जाते.

अ‍ॅश लवचिक आणि धक्का सोसणारं लाकूड, म्हणून हत्यारांचे दांडे त्याचे करतात. पण पाणी मुरलं की लवकर कुजतं. मायनरच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचेत पाणी साचतं, चक्क शेवाळ उगवतं, आणि तिथून ओल खाली उतरते. व्हार्निशखाली काळे डाग दिसले की समजावं. खालची आडवी पट्टी आणि चाकावरची कमान यांना स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायचं. टोक आत गेलं, तर पुट्टी आणि पॉलिश हा उपाय नव्हे, ती फसवणूक आहे.

नवीन चौकट तयार मिळते, सुटे तुकडेही मिळतात. पण या गाड्या हातांनी जोडलेल्या, त्यामुळे एकीचं माप दुसरीला तंतोतंत बसेलच असं नाही. म्हणून जुनं लाकूड कितीही कुजलेलं असलं तरी काम संपेपर्यंत फेकायचं नाही. तोच तुमचा नकाशा. छताला आधार देऊन एका वेळी एकच बाजू उघडायची. गोंद लावण्याआधी सगळं कोरडंच जुळवून दारं नीट लागतात का ते बघायचं. जे पृष्ठभाग नंतर दिसणार नाहीत त्यांना आधी संरक्षक थर द्यायचा, विशेषतः कापलेल्या टोकांना, कारण पाणी तिथूनच शोषलं जातं. पावसाळ्यात फुगलेलं दार ज्याने रंधून घेतलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत मायनरचं लाकूड बॉडीचाच भाग म्हणून धरलं जायचं. कुजलेलं असेल तर गाडी नापास. पण २० मे २०१८ पासून, मोठे फेरफार न केलेल्या चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिली नाही. म्हणजे जवळपास सगळ्याच ट्रॅव्हलर सुटल्या. गाडी रस्त्यावर चालण्यालायक ठेवायची जबाबदारी मालकावर आहेच, फक्त दरवर्षी टोचून बघणारा तिसरा माणूस गेला. स्वस्तातलं, नुसतं दिसायला छान लाकूड बसवण्याचा मोह इथे खरा धोकादायक होतो.

आपलाही एक धागा आहे बरं का. आपली अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून आली, तिचीही इंग्लंडमध्ये लाकडी पाठीची ट्रॅव्हलर निघत असे. आपल्याकडे आली ती पोलादी सेदान, आणि २०१४ पर्यंत बनली.

अजून एक गोष्ट. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅशच्या झाडांवर बुरशीचा रोग आढळला आणि तो देशभर पसरला. पोलादी गाडीचा सुटा भाग कारखान्यात पुन्हा पाडता येतो. हा सुटा भाग आधी जंगलात वाढावा लागतो, आणि त्याला काही दशकं लागतात.

तेव्हा कुणी हौशी मित्र लाकडी गाडी घ्यायला निघाला, तर त्याला किमतीआधी एवढंच विचारायला सांगा: हे लाकूड काढलं, तर वरचं छत कशावर उभं राहील?