केळ : उगम, प्रसार व पोषणमूल्य
केळ : (सं. कदली, हिं. केला, कुल-म्यूझेसी). उष्ण कटिबंधातील एक प्रमुख फळपीक. वृक्षासारखी दिसत असली, तरी केळ ही ओषधी आहे. तिचे वर दिसणारे खोड पानांच्या तळांनी बनलेले असून खरे खोड जमिनीत असते.

उगम : बहुतेक खाद्य केळी म्यूझा ॲक्युमिनॅटा व म्यूझा बाल्बिसियाना या दोन जंगली जातींपासून उद्‌भवल्या आहेत. जंगली फळांत कठीण बिया पुष्कळ व गर थोडा असतो. मानवाने बीजरहित फळे देणारी झाडे निवडून त्यांचे मुनवे लावले. न्यू गिनीतील कूक येथे मिळालेल्या केळीच्या सिलिकामय अवशेषांवरून ही लागवड सु. ७,००० वर्षांपूर्वीची असावी. दोन जातींच्या संकरातून निरनिराळे प्रकार निर्माण झाले. सिमंड्‌स व शेफर्ड यांनी १९५५ मध्ये त्यांचे जनुकीय वर्गीकरण मांडले. आशियातून केळ आफ्रिकेत गेली. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या धर्मोपदेशकाने ती कानेरी बेटांतून हिस्पॅनिओला बेटावर नेली.

पोषणमूल्य : पिकलेल्या केळ्याच्या १०० ग्रॅ. गरात सु. ७५ ग्रॅ. पाणी, २३ ग्रॅ. कार्बोहायड्रेटे, १ ग्रॅ. प्रथिने, ३५० मिग्रॅ. पोटॅशियम व ९ मिग्रॅ. क जीवनसत्त्व असते, ऊर्जा सु. ८९ किलोकॅलरी मिळते. ब६ जीवनसत्त्वही बरेच असते. लोह मात्र अल्प असते. पिकताना स्टार्चचे शर्करांत रूपांतर होते. युगांडात शिजविलेली कच्ची केळी (मातोके) हे मुख्य अन्न आहे. वसई भागात राजेळी केळ्यांची सुकेळी करतात.

एकरूपतेचा धोका : मुनव्यांपासून वाढल्यामुळे एका प्रकारातील सर्व झाडे जनुकीय दृष्ट्या जवळजवळ सारखी असतात, एकास होणारा रोग सर्वांस होऊ शकतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्यातीत अग्रेसर असलेला ग्रो मिशेल हा प्रकार पनामा रोगाने (फ्युझेरियम कवकामुळे होणाऱ्या मर रोगाने) १९६० च्या सुमारास व्यापारातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याची जागा रोगप्रतिकारक कॅव्हेंडिश गटाने घेतली. हे नाव डेव्हनशरच्या ड्यूकच्या घराण्यावरून पडले. त्याच्या चॅट्‌सवर्थ येथील उद्यानात १८३० नंतर हे झाड वाढविले गेले होते. जळगाव जिल्ह्यातील बसराई, श्रीमंती व ग्रँड नैन हे प्रकार याच गटातील होत. मात्र याच कवकाचा ‘टी आर ४’ हा प्रभेद कॅव्हेंडिशलाही मारतो. तो २०१३ मध्ये मोझँबीकमध्ये व २०१९ मध्ये कोलंबियात आढळला. भारतात बिहारमध्येही त्याची नोंद झाली आहे. कवक मातीत अनेक वर्षे टिकत असल्याने रोगमुक्त लागवड-साहित्य वापरणे व बाधित माती अन्यत्र जाऊ न देणे, हेच मुख्य उपाय आहेत. जंगली केळीतील प्रतिकारक जनुक घातलेल्या कॅव्हेंडिशला २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात मान्यता मिळाली. ज्या बियाळ जंगली केळी मानवाने अन्न म्हणून टाकून दिल्या, त्यांचे जतन या पिकाच्या रक्षणासाठी आवश्यक ठरले आहे.