पियाझीच्या बाजूचा शब्द

‘मोठा लघुग्रह’ म्हटलं की हसू येतं. पण वेस्टा ५२५ किलोमीटर रुंद आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या माळावरून, अमावास्येच्या आसपास, ट्रायपॉडवरचा साधा कॅमेराही तो टिपू शकतो. एका फोटोत मात्र वेस्टा ओळखू येत नाही, सगळे ठिपके सारखेच. दुसऱ्या रात्री आकाशाचा तोच तुकडा टिपून दोन्ही फोटो एकावर एक धरले, की एकच ठिपका हललेला दिसतो. वेस्टा सूर्याच्या समोर असेल, तर दिवसाला चंद्रबिंबाच्या रुंदीच्या जवळपास निम्म्याने.

खरी गंमत ‘लघुग्रह’ या नावात आहे. १८०१च्या १ जानेवारीला खगोलज्ञ पियाझीला पालेर्मोत सीरिस हा पहिला लघुग्रह सापडला. दुर्बिणीतूनही तो ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो, म्हणून १८०२ साली खगोलज्ञ हर्शेलने ‘ॲस्टरॉइड’, म्हणजे तारासदृश, हा शब्द पुढे केला. शब्द घडवला कुणी? क्लिफर्ड कनिंगहॅम या अभ्यासकाने जुनी पत्रं चाळून श्रेय ग्रीकचे पंडित धाकटे चार्ल्स बर्नी यांना दिलं आहे. पियाझीला हे बारसं रुचलं नाही. त्याला ‘प्लॅनेटॉइड’, ग्रहासारखा, हे नाव हवं होतं.

इंग्रजीत हर्शेल जिंकला, मराठीत पियाझी. ‘लघुग्रह’मध्ये ताऱ्याचा मागमूस नाही. हिंदीतला ‘क्षुद्रग्रह’ आणि बंगालीतला ‘ग्रहाणू’ही त्याच गोटातले. ‘लघुग्रह’ हा शब्द ‘मायनर प्लॅनेट’चं निव्वळ भाषांतर आहे, असा आक्षेप कुणी घेईल. असेलही. पण ‘तारकाभ’सारखा शब्द घडवणं संस्कृतच्या जोरावर अवघड नव्हतं, ग्रहच रुळला, कारण आपल्याकडे चालतो तो ग्रह.

फोटोनेही तीच साक्ष दिली. २२ डिसेंबर १८९१ रोजी हायडेलबर्गच्या माक्स वोल्फला फोटोतून पहिल्यांदा नवा लघुग्रह मिळाला: ३२३ ब्रूसिया. त्याआधीचे ३२२ डोळ्यांनी, नकाशाशी ताडून शोधलेले. वोल्फची दुर्बीण ताऱ्यांचा पाठलाग करत राही. बऱ्याच वेळाने फोटोची काच धुतली की तारे गोल ठिपके आणि लघुग्रह बारीक रेघ! हर्शेलच्या ‘तारासदृश’ शब्दाची पंचाईत त्या रेघेने केली.

२००६ साली सीरिसला बढती मिळाली. मराठीत तो आता ‘बटुग्रह’ आहे.