गोठ्यातलं प्रदर्शन

चित्रांचं प्रदर्शन म्हटलं की लोकांना शहर आठवतं. आमच्या कुडाळ तालुक्यात ते पोथीत बांधलेलं असायचं. पिंगुळीच्या ठाकर समाजाची ही चित्रकथी. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, पाठीला पाठ लावून चिकटवलेली. देवळात रात्री चित्रकथी एकेक पान उभं धरायचा नि गाऊन कथा सांगायचा. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आधार होता. संस्थान गेलं, पुढे सिनेमा-टीव्ही आले, बोलावणी आटली. काही पोथ्या मोठ्या संग्रहालयांत गेल्या. तिथं चित्रं जपली जातात खरी, पण सांगणाऱ्यावाचून ती मुकीच.

परशुराम गंगावणे यांनी २००६ साली पिंगुळीत आपल्या गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, सगळं तिथं बघायला मिळतं, आणि कथा ऐकायलाही. २०२१ च्या पद्मश्रीत त्यांचं नाव आलं.

गोठा म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगायला नको. मला त्याहून मोठी वाटते ती सांगण्याची रीत चालू ठेवणं. मुडीत बांधलेलं भाताचं बी कितीही जपा, वेळेवर पेरलं नाही तर रुजायचं नाही. कलेचंही तसंच.