दोन कीचकवध आणि एक कॅमेरा

तंजावर म्हटले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे सरफोजी महाराज, सरस्वती महालातील पोथ्या आणि मोडी दप्तरे उभी राहतात. चित्रपटाच्या इतिहासात या गावाचे नाव शोधावयास सहसा कोणी जात नाही. तथापि दक्षिणेतील पहिला मूक कथापट ज्या कॅमेऱ्याने टिपला, तो तंजावरच्याच मूपनार नामक धनिक जमीनदाराकडून आलेला होता. त्या वेळच्या मद्रासेतील आर. नटराज मुदलियार यांनी तो विल्यमसन कॅमेरा, फिल्म छापण्याच्या यंत्रासह, १,८०० रुपयांस विकत घेतला. चित्रणाचे धडे मात्र त्यांनी घेतले ते पुण्यातील स्टुअर्ट स्मिथ या इंग्रज छायालेखकापाशी. १९१७-१८ च्या सुमारास त्यांचा ‘कीचकवधम्’ तयार झाला.

याच वर्षांत कोल्हापुरात निराळाच खटाटोप चालला होता. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव व बाबूराव पेंटर हे बंधू स्वतःच कॅमेरा घडवू पाहत होते. १९१६ मध्ये आनंदराव वारले. काम अपुरेच राहिले. पुढे बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये चालता कॅमेरा उभा केला. त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात झळकला. कथा पुन्हा कीचकवधाचीच. आणि तो वध इतका भीषण वठला की परीक्षकांनी ते दृश्य कापावयास लावले.

कॅमेरा घडविणे म्हणजे काय, हे जरा पाहू. सेकंदास सुमारे १६ चित्रे उमटावयाची, तर फिल्म तितक्या वेळा सरकली पाहिजे आणि तितक्याच वेळा निश्चल थांबली पाहिजे. सरकताना भिंगामागील झडप मिटलेली हवी. दात्यात केसभर अंतर पडले तरी पडद्यावर चित्र थरथरते. भिंगाचे प्रकरण याहून नाजूक. नट दहा फुटांवरून पाच फुटांवर आला की भिंगही त्या मानाने सरकले पाहिजे, नाही तर मुद्रा अस्पष्ट होते. एक हात दांडा फिरविण्यात गुंतलेला. म्हणून अंतरे आधी फितीने मोजून ठेवावी लागत.

म्हणून मुदलियारांचे श्रम हलके होते असे नव्हे. विजेचे दिवे नसल्याने पांढऱ्या कापडातून गाळलेल्या उन्हात त्यांनी चित्रण केले. मद्रासेत सोय नसल्याने फिल्म धुण्यासाठी बंगळूर गाठले. कॅमेरा विकत मिळाला, तरी बाकीचे त्यांनाही स्वतःच जुळवावे लागले. पण १९२३ च्या सुमारास त्यांचा व्यवसाय थांबला. कोल्हापुरात मात्र बाबूरावांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले आणि १९२९ मध्ये त्यांनी ‘प्रभात’ काढली.

दोन्ही कीचकवध आज उपलब्ध नाहीत. चित्रे गेली, कसब मात्र जिथे अनेक हातांत उतरले, तिथे टिकले. यंत्र विकत घेतल्याने काम सुरू होते. ते घडविताना माणसेही घडतात, आणि पुढचे काम तीच करतात. दक्षिणेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणांस तंजावरचा अभिमान पोथ्यांपुरता ठेवण्याचे कारण नाही; या कॅमेऱ्याची गोष्टही त्यात धरावी.