भयानकाचे अंगत्व : जपानी व्हिडिओ गेममधील भीतीची तीन रूपे (१९८८–२०००)

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा आठ रसांपैकी एक मानला असून भय हा त्याचा स्थायिभाव सांगितला आहे. पुढे आनंदवर्धनाने प्रबंधात एक रस अंगी व इतर रस त्याचे अंगभूत असावेत, असा सिद्धान्त मांडला. व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा विचार करताना हा अंगांगिभाव विशेष उपयोगी पडतो. भय हाच ज्यांचा अंगी रस आहे अशा खेळांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो. परंतु वीर, अद्भुत अथवा हास्य यांना प्राधान्य देणाऱ्या खेळांतही भूत, श्मशान, अंधार आणि विनाशाची छाया वारंवार आढळते. ही छाया केवळ चवीपुरती आली आहे, की तिने काही कार्य साधले आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाच्या दृष्टीने १९९६ हे वर्ष लक्षणीय ठरते. त्या वर्षी २७ फेब्रुवारीस जपानमध्ये पोकेमॉनचे पहिले दोन खेळ विक्रीस आले आणि २२ मार्चला कॅपकॉम कंपनीचा ‘बायोहॅझर्ड’ प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य देशांत ‘रेझिडेंट ईव्हिल’ या नावाने गाजलेल्या या दुसऱ्या खेळाने भयप्रधान वर्गाला स्थिर रूप दिले. पहिले दोन मुख्यतः लहान मुलांसाठी होते. तथापि त्यांतही एक श्मशान होते.

तत्पूर्वीची अवस्था पाहावयाची तर १९८८ मधील ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ या खेळाकडे वळावे लागते. त्यातील ‘बू’ नावाचे गोल, पांढरे भूत नायकाने पाठ फिरवली की पाठलाग करते आणि त्याने वळून पाहताच हातांनी तोंड झाकून जागीच थबकते. भूत पाठीमागून येते ही लोककल्पना येथे खेळाचा नियम बनली आहे. पाहणे हेच संरक्षण. परंतु सतत मागे पाहत राहिल्यास पुढे जाता येत नाही. १९९० च्या ‘सुपर मारिओ वर्ल्ड’मध्ये झपाटलेली घरे आली. तेथील दारे खेळणाऱ्यास फसवून पुन्हा पूर्वस्थळी आणून सोडतात. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये कोपऱ्यात निमूट उभा असलेला पियानो जवळ जाताच दात विचकून अंगावर येतो. या सर्व ठिकाणी भय क्षणिक आहे आणि त्याचे पर्यवसान हास्यात होते.

पोकेमॉनमधील लॅव्हेंडर टाउनचे स्वरूप निराळे आहे. ज्या गेम बॉय यंत्रासाठी हा खेळ रचला गेला, त्याच्या पडद्यावर एकाच रंगाच्या चार छटा व १६० × १४४ ठिपके एवढेच साधन होते. ध्वनीसाठी चार वाहिन्या होत्या. जुनिची मासुदा यांनी या गावासाठी रचलेली धून एवढ्या साधनांतूनच साकारली. गावातील मनोरा हे मृत प्राण्यांचे दफनस्थान असून तेथे शोक करणारी माणसे भेटतात. वरच्या मजल्याची वाट एक अनोळखी भूत अडविते. त्याच्यासमोर खेळणाऱ्याचे प्राणी भीतीने हल्लाच करू शकत नाहीत आणि ते पकडताही येत नाही. पुढे एका विशेष उपकरणाच्या साहाय्याने त्याचे खरे रूप प्रकट होते. ती एक माता असते. गुन्हेगारांच्या टोळीने तिचा जीव घेतलेला असतो आणि तिचे पोर मागे राहिलेले असते.

या प्रसंगाचे महत्त्व खेळाच्या उर्वरित व्यवस्थेशी ताडून पाहिल्यासच कळते. अन्यत्र हरलेला प्राणी फक्त बेशुद्ध होतो आणि उपचारकेंद्रात विनामूल्य बरा होतो. म्हणजे खेळाचा नित्य नियम मृत्यू नाकारतो; या मनोऱ्यात मात्र तो मान्य केला जातो. भयाचे कारण कळताच भय ओसरते आणि त्याच्या जागी शोक उभा राहतो. भयानक येथे करुणाचे अंग झाला आहे.

२०१० च्या सुमारास ही धून ऐकून जपानी मुलांनी आत्महत्या केल्याची वदंता पसरली. तिला कोणताही पुरावा नाही. मात्र १६ डिसेंबर १९९७ रोजी पोकेमॉनच्या दूरचित्रवाणी मालिकेतील लखलखत्या प्रकाशदृश्यामुळे सहाशेहून अधिक व्यक्तींना रुग्णालयात न्यावे लागले, ही घटना खरी आहे. वदंता हा त्या धुनीच्या परिणामाचा पुरावा नव्हे. त्या स्थळाने मनावर उमटविलेल्या ठशाचा मात्र तो पुरावा होय.

तिसरे रूप २७ एप्रिल २००० रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लिजंड ऑफ झेल्डा : मजोराज मास्क’मध्ये आढळते. ऐजी आओनुमा व योशिआकी कोइझुमी हे त्याचे दिग्दर्शक. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’साठी घडविलेल्या आकृती पुन्हा वापरून हा खेळ अल्पावधीत सिद्ध करण्यात आला. त्यामुळे ओळखीचे चेहरे अनोळखी आयुष्ये जगताना दिसतात. काटकसरीतूनच एक विलक्षण परकेपणा निर्माण झाला. विक्राळ मुखाचा चंद्र तीन दिवसांत पृथ्वीवर कोसळणार आहे, ही या खेळाची मूळ घटना. हे तीन दिवस प्रत्यक्षात सुमारे ५४ मिनिटांत सरतात.

परंतु या खेळातील भय केवळ चंद्रात नाही. ते त्याच्याकडे पाहणाऱ्या नगरजनांत आहे. नगराध्यक्षाच्या दालनात उत्सव भरवावा की नगर रिकामे करावे, यावर वाद चालतो आणि निर्णय होत नाही. चंद्राचे तुकडे करण्याची बढाई मारणारा तलवारबाजीचा शिक्षक अखेरच्या रात्री मागच्या खोलीत दडून बसलेला आढळतो. टपालवाल्यास पळून जावयाचे असते, पण ते त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. गोठ्यावरील थोरली बहीण धाकटीला प्रौढांसाठी राखलेले दूध त्या रात्री पिऊ देते. कारण मात्र सांगत नाही. नायकाने काळ मागे फिरविताच हे सर्वजण पहिल्या दिवशी परततात आणि त्यांना मिळालेले साहाय्यही पुसले जाते. आठवण राहते ती खेळणाऱ्याची.

अमेरिकन सिनेटमध्ये १९९३ साली व्हिडिओ गेममधील हिंसेवर सुनावणी झाली आणि १९९४ मध्ये तेथे वर्गीकरण मंडळ स्थापन झाले. या मंडळाने रेझिडेंट ईव्हिलला प्रौढांच्या वर्गात घातले व मजोराज मास्कला ‘सर्वांसाठी’ ठरविले. रक्त व हिंसा ही दृश्ये असल्याने ती मोजता येतात. दूध पाजणाऱ्या बहिणीचे मौन मोजता येत नाही. वाच्यार्थापुरते पाहणाऱ्या व्यवस्थेला व्यंग्यार्थ गवसत नाही, हे त्यातून दिसते.

या प्रवृत्तीचे मूळ केवळ जपानी परंपरेत शोधणे मोहक असले तरी अपुरे आहे. तोरियामा सेकिएन यांच्या १७७६ मधील चित्रसंग्रहापासून भयप्रद व विनोदी भुते तेथे एकत्र नांदत आली हे खरे; परंतु चार छटांचा पडदा आणि पुनर्वापराची निकड यांचाही वाटा तितकाच आहे. सारांश, बूच्या ठिकाणी भयाने हास्याची, लॅव्हेंडर टाउनमध्ये शोकाची आणि मजोराज मास्कमध्ये अटळ अंताच्या जाणिवेची सेवा केली. मृत्यूविषयी मुलांशी काय व कसे बोलावे, हा प्रश्न या खेळांनी उपदेशाऐवजी नियमांच्या भाषेत हाताळला. म्हणून त्यांच्या अभ्यासकाने चित्र व संगीत यांच्याइतकेच, खेळ कशाची परवानगी देतो व कशाची नाकारतो, हेही साधन म्हणून वाचणे अगत्याचे आहे.