पाचावरचा दाणा

आत्याच्या उशाशी बटणांचा फोन असतो. त्याच्या आकड्यांवरचा रंग केव्हाच उडालाय. एक कुठला आणि नऊ कुठला, हे नवख्याला सांगता यायचं नाही. आत्याला विचारलं की ती अंगठा बटणांवरून फिरवते आणि मधोमध थांबते. "हा बघ, पाच." पाचाच्या बटणावर मोहरीएवढा उंचवटा असतो. तुमच्या जुन्या फोनवरही होता, पण डोळे धड असले की तो लक्षात येत नाही. आत्या त्याला दाणा म्हणते. दाण्याच्या वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. काचबिंदूनं तिची कडेची नजर खाऊन टाकलीय, पण घरातल्या सगळ्यांचे नंबर ती अंधारातही लावते.

बटण बरं की टच, हा वाद आमच्याकडे अण्णांपासून चालत आलाय. अण्णा म्हणजे माझे आजोबा. 1951 पासून ते साताऱ्याला कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावून बसायचे. प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, मुखत्यारपत्रं, मुदतीचे अर्ज. त्यांचं पहिलं यंत्र परदेशी बनावटीचं, तेही कुणाकडून तरी वापरलेलं घेतलेलं. गोदरेजनं 1955 साली देशी टाइपरायटर काढला, आणि पुढे त्यांचं 'प्रायमा' हे यंत्र आमच्याच जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यात बनू लागलं. अण्णांना त्याचा केवढा अभिमान. 2009 मध्ये ते उत्पादन थांबलं आणि त्या जागी फ्रीज बनू लागले, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते बराच वेळ नुसते बोटांकडे बघत बसले होते.

शिकताना मास्तर त्यांच्या हातांवर फडकं टाकायचे. कळ दिसता कामा नये. बोटानं कळ शोधायची, डोळ्यांनी कागद वाचायचा. इंग्रजी शिकणाऱ्याला हे सोपं, सव्वीस अक्षरांत काम भागतं. मराठीचं तसं नाही. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, आकडे हे सगळं साधारण 46 कळांवर, शिफ्ट धरून 92 खुणांत, कोंबायचं. त्यासाठी कुणीतरी फार डोकं लढवलेलं होतं. ख, घ, थ, ध, भ यांची फक्त अर्धी रूपं कळेवर होती. अर्धा ख मारायचा आणि पुढे काना मारला की ख पुरा व्हायचा. उकार, मात्रा यांच्या कळा दाबल्या तरी गाडा पुढे सरकायचा नाही, म्हणजे खूण बरोबर अक्षराच्या वर किंवा खाली बसायची. लिपीच यंत्राजोगती करावी, असं म्हणणारी माणसंही त्या काळात होती. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली, 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु', त्यामागे छपाईच्या आणि टंकनाच्या सोयीचाही विचार होता. अण्णांच्या कागदांत तसे अर्ज एखाद-दुसरे यायचे. ते लिहिणाऱ्याचा मान राखून जसेच्या तसे टाइप करायचे.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे क्रम. यंत्र कागदावरच्या जागेप्रमाणे चालायचं. 'विठ्ठल' टाइप करायचं तर पहिली वेलांटी आधी, कारण ती डावीकडे बसते, आणि व नंतर. रफार उलटा, तो शेवटी. 'अर्ज' हा शब्द अण्णांनी आयुष्यात किती हजार वेळा मारला असेल कोण जाणे. अ, मग ज, मग वर रफार.

अण्णांची लेक, म्हणजे आमची आत्या, 1971 मध्ये टेलिफोन एक्सचेंजमध्ये लागली. एकोणीस वर्षांची. ट्रंक बोर्डावर बसायची. तिच्या तोंडून ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग कॉलच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो. लाइटनिंगला आठपट पैसे पडायचे आणि तो बहुतेक करून मरणाचाच असायचा. समोर भोकांच्या ओळींवर ओळी, हातात कॉर्ड. एक्सचेंज बॅटरीवर चालायचं, त्यामुळे गावची वीज गेली तरी काम थांबायचं नाही. दिवे गेलेल्या खोलीत मुली चाचपून कॉर्ड लावायच्या. "कडेपासून मोजत यायचं," आत्या सांगते. "बोटाला कड लागली की पुढचं सगळं हाताला येतं."

बापलेकीची दोन्ही कामं बोटांना कड सापडण्यावर उभी होती. मला हे फार उशिरा उमगलं.

मोबाईलच्या गोष्टी मामाच्या. पोवई नाक्याजवळ त्याचं एसटीडी बूथ होतं, तिथेच पुढे मोबाईलचं दुकान झालं. 31 जुलै 1995 ला बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला, पण आमच्यासारख्यांच्या हातात फोन यायला 2003 उजाडलं. त्या वर्षी येणाऱ्या कॉलचे पैसे बंद झाले, आणि त्याच वर्षी नोकिया 1100 निघाला. मामा आजही त्या फोनचं नाव आदरानं घेतो. त्याचं कीपॅड एका अखंड रबराखाली झाकलेलं होतं, म्हणून धूळ आणि घाम आत जायचा नाही. वर विजेरी होती. आमच्याकडे शेतीची वीज रात्रपाळीनं यायची. मोटर चालू करायला आणि उसाला बारं द्यायला माणूस रात्री दोनला बांधावरून चालायचा, एका हातात खोरं, दुसऱ्या हातात हा फोन पेटवलेला. चिखलाच्या अंगठ्यानं बटण दाबलं तरी ते दबायचं. जगभर हा फोन 25 कोटींहून जास्त खपला. मामा म्हणतो, त्यातले साताऱ्यातले निम्मे मी विकले. हिशेब तपासायला नको, त्यात त्याचं प्रेम आहे.

मात्र त्या फोनांनी मराठी गिळली, हेही मामाच सांगतो. मराठीची सोय असलेल्या फोनांवर एकेक वर्ग एकेका बटणावर होता, त्यामुळे घ हवा तर एकच बटण चार वेळा दाबा, झ हवा तर पुन्हा चार वेळा. एवढं करून निरोप लिहिला तरी इंग्रजी लिपीत 160 अक्षरं मावणाऱ्या एसएमएसमध्ये देवनागरीची 70 मावायची, आणि त्यात प्रत्येक काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण वेगळी मोजली जायची. 'ज्ञानेश्वरी' हा चार अक्षरांचा शब्द तिथे अकरा जागा खायचा. सत्तरच्या पुढे गेलं की दुसऱ्या एसएमएसचे पैसे. मग सगळा महाराष्ट्र इंग्रजी लिपीत मराठी लिहायला लागला. आईचे मला वसतिगृहावर आलेले निरोप तसलेच होते. ती मराठीची शिक्षिका होती. आपल्या लेकीला आपल्या लिपीत 'जेवलीस का' लिहायला तिला परवडत नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

9 जानेवारी 2007 ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सनं आयफोन दाखवला. त्या भाषणात त्यानं त्या वेळचे नामांकित स्मार्टफोन पडद्यावर आणले आणि त्यांच्या खालच्या चाळीस टक्के भागावर बोट ठेवलं. बटणं प्लास्टिकमध्ये कायमची बसवलेली. काम कोणतंही असो, ती तशीच राहणार, उद्या नवी कल्पना सुचली तरी त्यांना बदलता येणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोर देवनागरी असण्याचं कारण नव्हतं. पण हा मुद्दा इंग्रजीपेक्षा आपल्यालाच जास्त लागू होता. 46 कळांत अर्धा ख कोंबणाऱ्या लिपीला कोरी काच म्हणजे मोकळं अंगणच.

पुढच्या चार-पाच वर्षांत मामाच्या काउंटरवर रोज कज्जे व्हायचे. माझे बाबा ब्लॅकबेरीवाले. कॅनडातल्या वॉटर्लूच्या कंपनीचा तो फोन, अंगठ्यांसाठी बारीक घडवलेल्या कळा. बाबा मिटिंगमध्ये टेबलाखाली, न बघता, आख्खी ईमेल लिहायचे. अण्णांचा हा एकच वारसा त्यांच्यात उतरला होता. त्या कंपनीनं 2008 मध्ये आख्खी काचच दाबली जाऊन टक् वाजेल असा फोन काढला. तो ना बटणवाल्यांना रुचला ना टचवाल्यांना. अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच वर्षी आला आणि त्यालाही सरकणारा कीबोर्ड होता, हे आता कुणाला आठवत नाही. नोकियानं फेब्रुवारी 2011 मध्ये आपलं सिम्बियन सोडून विंडोजची कास धरली आणि एप्रिल 2014 मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला गेला. जुन्या ब्लॅकबेरींची सेवा 4 जानेवारी 2022 ला बंद झाली. बाबांचा फोन तेव्हा खणात पडून होता. त्यांनी तो काढला, पुसला, कळांवरून दोन्ही अंगठे एकदा फिरवले आणि परत ठेवून दिला.

सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांनीही मराठीची धड कदर केली नाही. मामाकडच्या कितीतरी फोनांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ते दिवस सरले आणि 2013 मध्ये आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातून 'स्वरचक्र' आलं. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम मला फार मोठं वाटतं. ब वर बोट ठेवलं की भोवती चाक उमलतं, बा, बि, बी, बु. हव्या त्या दिशेला बोट सरकवलं की झालं. पाय मोडला की पुढची जोडाक्षरं कशी दिसतील ते आधीच समोर. शाळेतली बाराखडीच बोटाखाली फिरू लागली.

2014 मध्ये मी ते अण्णांच्या हातात दिलं. ते तेव्हा त्र्याऐंशीचे. त्याआधी दुसऱ्या एका कीबोर्डवर त्यांचा हिरमोड झालेला होता. सवयीनं त्यांनी 'विठ्ठल'ची वेलांटी आधी दाबली होती, तर काचेवर टिंबांचं एक गोल कडं उमटलं आणि त्याला वेलांटी लटकलेली. "हे काय, व कुठाय?" फोनला उच्चाराचा क्रम हवा असतो, व आधी, वेलांटी मागून. 'अर्ज' तर त्यांना जमेचना. साठ वर्षं शेवटी मारलेला रफार आता र होऊन ज च्या आधी यायला हवा होता. चाकावर मात्र त्यांनी व दाबला, बोट हळूच सरकवलं आणि 'वि' उमटला. त्यांनी मला आख्खा 'विठ्ठल' लिहून दाखवला, दोन ठ कसे जोडले जातात ते पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर सुंदर आहे गं. आमच्या यंत्रावर असा ठ्ठ कधी बसला नाही." मग थोड्या वेळानं, "पण याच्याकडे बघत बसावं लागतं."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. मला या वादात जे म्हणायचंय ते एवढंच आहे. काचेनं आपली लिपी आपल्याला पुरती परत दिली, आणि ती देताना बोटांना सापडणारी कड काढून घेतली.

आत्याला आतेभावानं दिवाळीत टचफोन दिला होता. मोठा पडदा, मोठे आकडे. एका पावसाळी रात्री तिला चक्कर आली. तोंडावर पाणी मारून ती फोनपाशी आली. ओल्या बोटांनी काच भलतंच काही उघडत राहिली, आणि नजरेच्या कडा नसल्यानं हिरवं बटण सापडेना. अर्ध्या तासानं शेजारीण आली म्हणून निभावलं. पाण्यातून वीज वाहते, म्हणून ओलं बोट काचेला नीट कळत नाही. मामाकडे येणाऱ्या शेतकऱ्यांचे घट्टे पडलेले कोरडे अंगठेही तिला कळत नाहीत. रेशनच्या दुकानात ज्यांचा ठसा उमटत नाही, तीच ही बोटं.

काचफोनात बोलून वाट दाखवणारी सोय 2009 पासून आहे आणि दृष्टिहीन मुलं ती इतक्या सफाईनं वापरतात की बघत राहावं. आत्यालाही मी ती लावून दिली. दोनदा टिचकी मारा, बोट सरकवा, थांबा, ऐका. आठवडाभर तिनं मनापासून प्रयत्न केला. सत्तरीत नवं बोर्ड शिकायची तिची तयारी होती, पण त्या बोर्डाला कडच नव्हती. 2017 मध्ये जिओनं फोरजीचा बटणांचा फोन आणला तेव्हा मामाच्या दुकानात लागलेली रांग मला आठवली. त्या रांगेत पैसे नसलेलेच लोक होते असं नाही.

आत्याचा बटणांचा फोन मी परत तिच्या उशाशी ठेवला. ती मला मराठीत बोलून निरोप पाठवते, मी तिला फोन करते.

तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचा बटणांचा फोन बदलायला निघाला असाल, तर आधी त्यांना डोळे मिटून तुमचा नंबर लावायला सांगा. लागला, तर तो फोन त्यांच्याकडे राहू द्या.