मानमोडी आणि दुखावलेले हृदय

१९१८ सालच्या इन्फ्लुएंझाला महाराष्ट्रात 'मानमोडी' हे नाव पडले. जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरनंतरची दुसरी मात्र प्राणघातक ठरली. त्या वर्षी पावसानेही दगा दिला होता. मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. तेथे दर हजारी पन्नासाहून अधिक माणसे दगावली. साथ देशभर पसरली ती मुख्यतः रेल्वेने. मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मापाच्या लोहमार्गावरचे अंजनगाव सुर्जी, म्हणजे कापसाचे आणि पानमळ्यांचे गाव, अशाच एका वाटेवर होते.

एरवीचा फ्ल्यू लहान मुले आणि वृद्ध यांना अधिक छळतो. मानमोडीने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे नेली. बहुतेक मृत्यू न्यूमोनियाने झाले. पण काही रुग्णांत हृदयाचा स्नायूच सुजतो आणि त्याला पुरेसे रक्त पुढे ढकलता येत नाही. या विकाराला 'हृदयस्नायुदाह' म्हणतात. गावोगावच्या मृत्युनोंदीत देवी, पटकी, प्लेग, ताप असे रकाने असत. हृदयासाठी वेगळा रकाना नव्हता. मानमोडीचे बहुतेक बळी 'ताप' या एकाच शब्दाखाली गेले.

हृदयाला टोचणी

त्या काळच्या डॉक्टरांना हृदय थकते आहे हे नाडीवरून कळत असे. त्यावर उपाय म्हणजे उत्तेजन. कापूर तेलात विरघळवून त्याची इंजेक्शने देत. कुचल्यातून मिळणारे स्ट्रिक्नीन, कॅफिन आणि ब्रँडी देत. डिजिटालिस हे त्यांतले खरे हृदयाचे औषध. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पण सुजलेल्या हृदयात त्याच औषधाने ठोके अनियमित होण्याची भीती अधिक असते.

या साऱ्या उपचारांमागचा विचार एकच होता: मंदावलेल्याला चालते करावे. आपल्याकडचा शेतकरी मात्र जाणतो की खांदा सुजलेल्या बैलाला पराणी टोचून नांगर ओढवता येत नाही. त्याच्या मानेवरचे जू उतरवावे लागते. वैद्यकाला हे जू उतरवण्याचे साधन सापडायला अर्धे शतक लागले.

रोगजंतूचा शोध, औषधाचा शोध

इन्फ्लुएंझा विषाणूमुळे होतो हे मानवी रुग्णांच्या बाबतीत १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी दाखवले. पुढे लक्षात आले की हृदयाचे नुकसान दोन वाटांनी होते. एक विषाणूमुळे, दुसरी विषाणूशी लढणाऱ्या आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे. मग प्रतिकारशक्ती दाबली तर? १९९५ साली अमेरिकेत १११ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण हृदयस्नायुदाहाचे होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी त्यांच्या हृदयाच्या सुधारणेत फरक पडला नाही. १९९९ पासून मिळू लागलेले ऑसेल्टामिव्हिर विषाणूची वाढ रोखते, पण त्याचा उपयोग आजार सुरू झाल्यापासून दोन दिवसांत दिल्यास सर्वाधिक होतो.

जू उतरवणारे यंत्र

१९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली. ते यंत्र काही तासांपुरते होते. १९७० च्या दशकात ते अनेक दिवस चालवण्याची पद्धत आली. तिलाच 'एक्मो' म्हणतात. मोठ्या नीलेतून रक्त बाहेर घेऊन त्यात प्राणवायू मिसळायचा, कार्बन डायऑक्साइड काढायचा आणि रक्त रोहिणीत परत सोडायचे. तेवढ्या काळात हृदयावरचा भार कमी होतो आणि सूज उतरायला वेळ मिळतो. यंत्र रोग बरा करीत नाही. बरे होण्यासाठी लागणारे दिवस मिळवून देते.

२००९ च्या 'स्वाइन फ्ल्यू'त भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा. त्याच साथीत जपानसारख्या देशांत अतितीव्र हृदयस्नायुदाहाचे काही रुग्ण अशा यंत्रांच्या आधाराने वाचले. २००० साली अमेरिकेतील एका अभ्यासाने मोठी आशा दाखवली होती: अतितीव्र आजाराचे १५ रुग्ण, आणि अकरा वर्षांनंतर हृदयरोपणाशिवाय हयात असण्याचे प्रमाण ९३ टक्के. नंतरच्या मोठ्या पाहण्यांनी ही आशा बरीच खाली आणली. यंत्र असले तरी हा आजार प्राणघातकच आहे, आणि रुग्ण वेळेवर पोचला तरच यंत्राचा उपयोग.

शाळेपुरते

एक्मो मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत असते. अंजनगावच्या रुग्णाला तेथवर न्यायचे तर आजाराची शंका आधी गावातच यायला हवी. ताप ओसरत असताना छातीत दुखणे, थोड्या चालण्याने धाप लागणे, धडधड, भोवळ, हातपाय गार पडणे ही लक्षणे 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नयेत. हृदयाचा विद्युतआलेख आणि ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी यांनी पहिली दिशा मिळते.

महाराष्ट्रात फ्ल्यू पावसाळ्यात वाढतो, आणि तालुक्याच्या क्रीडास्पर्धाही साधारण त्याच दिवसांत येतात. तापातून नुकत्याच उठलेल्या कबड्डीपटूला संघात घेण्याचा मोह आवरणे शिक्षकाच्या हाती आहे. हृदयाला सूज आल्याचे निदान झालेल्या खेळाडूला तीन ते सहा महिने स्पर्धेपासून दूर ठेवतात आणि पुन्हा तपासूनच मैदानात उतरवतात. कापराच्या इंजेक्शनांपासून एक्मोपर्यंत वैद्यक जे शिकले, त्यातला विश्रांतीचा भाग असा कोणत्याही गावातल्या शाळेत अमलात आणता येतो.